भोंग्याला एक चमचा

लालबाग,
९ मे १९८२

चि. पद्मजा,

आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आंतर्देशीय पत्रात जागा कमी, तेव्हा मुद्द्यावर येतो.

तुझ्या आईने गावाहून कळवलं की तू बनारसला उंदरांना शांत करायचं शिकतेस. मी गिरणीत माझ्या खात्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की भाची मोठी औषधं शोधते. परवा शेजारच्या लहूने खोदून खोदून विचारलं तेव्हा उंदरांचं सांगावं लागलं. तेव्हापासून तो म्हणतो, उंदरांसाठी पोरीला एवढ्या लांब कशाला धाडलंत, आमची मोरी काय वाईट होती?

संप मिटलेला नाही. जानेवारीत सगळे म्हणत होते होळीपर्यंत मिटेल. मग गुढीपाडव्यापर्यंत म्हणाले. आता पावसापर्यंत म्हणतात, पण कुठल्या पावसापर्यंत ते कोणी सांगत नाही. मामीच्या खाणावळीतले जेवणारे एकेक करून गावाला गेले. राहिला लहू, आणि तो दोघांचं जेवतो.

आता खरं काम. तुझ्या मामीला झोप लागत नाही. पाठ टेकली की छातीत धडधडायला लागतं, डोळा लागला तरी दचकून जाग येते, आणि मग उजाडेपर्यंत छताच्या वाशांकडे बघत पडायचं. डोकं रिकामं होत नाही. उंदरांना काही देत असशील तर त्यातलं थोडं पाठव. मात्र तिला यातलं काही लिहू नकोस. ती कबूल करणार नाही, तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. जे काय ते मला कळव.

तुझा,
दौलतमामा

---

बनारस,
२४ मे १९८२

ती. मामांस,

नमस्कार. लहूकाकांना सांगा, त्यांच्या मोरीतले उंदीर आम्हाला चालत नाहीत. आमचे पांढरे असतात आणि वेळेवर जेवतात.

मामीचं वाचून काळजी वाटली. पण तुम्ही तिच्या छातीतल्या धडधडीचं इतकं बारीक वर्णन केलंत की मी दोनदा वाचलं. संसारात इतकं लक्ष तुम्ही आधी कधी दिलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

आम्ही काय करतो ते सांगते. उंदराला हलता येणार नाही अशा जाळीच्या नळकांड्यात काही वेळ ठेवतो. त्याला ताण येतो. मग मेंदूकडून निरोप सुटतो, तो मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथींपर्यंत पोचतो, आणि त्या रक्तात पळापळीची रसायनं ओततात. थोडा वेळ हे बरं असतं, त्यानेच जीव वाचतो. पण रोज रोज तेच झालं की मेंदूतली रसायनं बिघडतात. सेरोटोनिन नावाचं एक आहे, झोपेचं आणि मनाचं पुष्कळसं त्याच्याकडे असतं. दुसरं गाबा. तुमच्या भाषेत सांगायचं तर धागा तुटला की कापड विणायचा साचा थांबवणारी कळ असते ना, तसं गाबाचं काम थांबवण्याचं. ते कमी पडलं की डोकं नुसतं चालत राहतं. ब्राह्मीचा अर्क आधी दिला तर उंदरांच्या मेंदूत ही पडझड कमी होते असं आम्हाला दिसतंय. माणसांचं अजून छातीठोकपणे सांगता येणार नाही.

प्रयोगशाळेतला अर्क उंदरांचा, तो देणार नाही. इथल्या एका जुन्या वैद्यांकडची बाटली पाठवते आहे. माझी खोलीतली मैत्रीण गुणवंती माझगावची आहे, ती सुट्टीला घरी येते आहे, तिच्या हाती. पहिल्या पाळीच्या भोंग्याला एक चमचा आणि रात्रपाळीच्या भोंग्याला एक चमचा, कोमट पाण्यातून. चुकवू नका.

तुमची,
पद्मजा

---

लालबाग,
१५ जून १९८२

चि. पद्मजा,

आशीर्वाद. बाटली मिळाली. गुणवंती चांगली मुलगी आहे, तिने बाटली टॉवेलात गुंडाळून आणली आणि जाताना तुझ्या सवयींबद्दल जे जे सांगितलं ते पुढच्या भांडणासाठी राखून ठेवलं आहे.

मामीने बूच काढून वास घेतला आणि ही ब्राह्मी म्हणजे केसांना लावायची, असं ठरवून माझ्याकडे आली. माझ्या डोक्यावर आता तेल लावायला नुसतं मैदान उरलं आहे. मी सांगितलं, हे पोटात घ्यायचं आहे. ती म्हणाली, मग घ्या. मी म्हणालो, वेळ झाली की घेऊ.

आता वेळेचं. हुशार मुली, तू लिहिलंस भोंग्याला घ्या. भोंगा कुठे आहे? जानेवारीपासून एकाही गिरणीचा भोंगा झालेला नाही. लालबाग, परळ, करी रोड, सगळं मुकं. मी हे पत्र लहूला वाचून दाखवलं तर तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. तू या खोलीत वाढलीस, भोंग्यावर उठलीस, भोंग्यावर शाळेत गेलीस, म्हणून हात आपोआप तसा चालला असेल. मला राग नाही. उलट बरं वाटलं. इतक्या लांब जाऊन अजून तुझ्या कानात आमचा भोंगा आहे.

पण डॉक्टरचा शब्द तो शब्द. बाटली देवांच्या फळीवर ठेवली आहे. भोंगा झाला की सुरू करू.

तो गाबा म्हणजे आपल्या मालवणच्या मासे मारणाऱ्या गाबितांपैकी कोण? आणि उंदरांना ताण द्यायला नळकांडं लागतं हे वाचून नवल वाटलं. इकडे पाठव, आमच्याकडे ताण फुकट मिळतो. एक मात्र तू लिहिलं नाहीस. मेंदूतलं रसायन कमी झालं की जास्त झालं ते मोजता कसं? उंदीर काय सांगतो का?

तुझा,
दौलतमामा

---

बनारस,
२ जुलै १९८२

प्रिय मामी,

नमस्कार. हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने वेगळं टाकते आहे. मामांनी तुला काही लिहायला मनाई केली आहे, म्हणजे लिहायलाच हवं.

तुला झोप लागत नाही असं ते म्हणतात. कधीपासून? खाणावळीची काळजी लागली आहे का? छातीत धडधडतं तेव्हा घाम येतो का? त्या बाटलीवर मी भोंग्याच्या वेळा लिहिल्या, ती माझी चूक. लिहिताना संप डोक्यात होता, पण हाताला कळलं नाही. सकाळ-संध्याकाळ घड्याळ बघून घे. आणि काही त्रास वाटला तर नुसत्या अर्कावर बसू नकोस, डॉक्टरला दाखव.

तुझी,
पद्मजा

---

लालबाग,
७ सप्टेंबर १९८२

चि. पद्मजा हीस मामीचा आशीर्वाद.

तुझं पत्र वेळेवर मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण हे घरात असले की मला लिहिता येत नाही, आणि हे आता दिवसभर घरात असतात.

तुझं पत्र वाचून मी चाट पडले. माका झोप येता गो, तेंका येना नाय. मी पडल्या पडल्या झोपते, घोरते म्हणून हेच मला आयुष्यभर चिडवत आले. स्वतःचं दुखणं माझ्या नावावर लिहून तुझ्याकडे औषध मागितलं. असा माणूस आहे. शाळेतसुद्धा स्वतः मार खायच्या वेळी भावाचं नाव सांगत असणार.

आता खरं सांगते. संप लागल्यापासून ह्यांचा हात कापतो. कपातला चहा बशीत येतो. धोतराचा धागा काढून तुटलेल्या सुताची गाठ मारत बसतात, जशी साच्यावर मारायची तशी, आणि गाठ बसली नाही की धागा फेकून देतात. मी बघते हे त्यांना कळलं की म्हणतात, मुंगी होती. रोज पाळीच्या वेळेला न चुकता गेटपर्यंत जातात, बंद गेट बघतात आणि परत येतात. गेटवरून बोलावणं आलं आणि हात असाच राहिला तर साच्यावर उभं कोण करील, ही एकच भीती त्यांच्या मनात आहे. मला बोलून दाखवत नाहीत, पण इतकी वर्षं काय मी नुसत्या भाकऱ्या थापल्या?

एक गंमत झाली. आता गणपतीत खिडकीसमोर मंडळाचा कर्णा लावला होता. सगळी चाळ वैतागली. लहूने कानात कापूस घातला. आणि हे त्या दिवसांत पोरासारखे झोपले. विसर्जन झालं, कर्णा उतरला, परत डोळे टक्क उघडे. याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात?

बाटलीला हात लावू देत नाहीत. भोंगा झाल्यावर घेणार म्हणतात. आधी चेष्टा होती, आता मला ती चेष्टा वाटत नाही. मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.

मालनमामी

---

बनारस,
२० सप्टेंबर १९८२

ती. मामांस,

नमस्कार. मामीच्या तब्येतीविषयी मी आमच्या सरांशी बोलले. त्यांनी काही सूचना दिल्या आहेत, त्या मामीला समजावून सांगा.

मामीने चहा दिवसातून दोनदाच घ्यावा. मामीने सकाळी शिवाजी पार्कपर्यंत चालत जावं, मोकळी हवा आहे. मामीने धोतरातले धागे काढणं बंद करावं, धोतरं महाग झाली आहेत. आणि मामीने पाळीच्या वेळेला गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहू नये.

मामी तीस वर्षं साच्यांच्या आवाजात उभी होती. आमच्या इथे एक मत असं आहे की मेंदू ज्या आवाजाला सरावतो तो आवाज गेला की ती शांतताच त्याला धोक्याची वाटते, आणि तो पहाऱ्यावर बसतो. मला हे पटतं, पण सिद्ध करता येणार नाही.

तुम्ही विचारलं होतं, रसायन मोजतो कसं. मी मुद्दाम उत्तर टाळलं होतं. उंदीर सांगत नाही मामा. मेंदू बाहेर काढून मोजावं लागतं. शांत झालेला असो की घाबरलेला, शेवटी दोघांनाही मारावं लागतं. पहिल्या दिवशी मी जेवले नव्हते. आता जेवते, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

बाटली घड्याळ बघून घ्या. म्हणजे, मामीला द्या.

तुमची,
पद्मजा

---

लालबाग,
११ ऑक्टोबर १९८२

चि. पद्मजा,

आशीर्वाद. तुझं पत्र मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. धोतरापर्यंत आलो तेव्हा ती भाजी ढवळायला उठली. चुलीवर भाजी नव्हती. घरात फितूर आहे हे मला तेव्हा कळलं. संपात फितुराचं काय करतात ते मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, आधी चहा बशीत न सांडता पिऊन दाखवा.

तर झोप मला लागत नाही. लिहिलं एकदाचं. भाचीला असं लिहायची लाज वाटली. गावाकडून तुला मी बोट धरून आणलं, मोठ्या रस्त्यावर हात सोडू नकोस म्हणून सांगितलं, आणि आता माझाच हात कापतो हे तुला काय कळवायचं?

आवाजाचं तुझे सर म्हणतात ते खरं असेल. साळखात्यात साच्यांच्या खडखडाटात आम्ही बोलत नव्हतो, ओठ बघून समजायचो. घरी आलो की मी ओरडून बोलतो म्हणून चाळीत माझं नाव खराब होतं. आता इतकं शांत असतं की मला माझ्याच छातीचा आवाज येतो, आणि तो काही ऐकण्यासारखा नाही.

उंदरांचं वाचून वाईट वाटलं. शांत झाला की नाही हे कळायला आधी त्याला मारायचं, मग बघायचं. गिरणीमालकांनी शिकवणी तुमच्याकडेच लावली असणार. तुला चिडवत नाही. जेवत जा. जेवणाऱ्याचा हात स्थिर राहतो, आणि तुझ्या हाताखाली जो आहे त्याला निदान लवकर सुटू दे.

बाटलीचं मात्र मी ठरवलं आहे. तू भोंग्याला घे म्हणालीस, मी भोंग्यालाच घेणार. घड्याळाने घेतली तर भोंगा होणार नाही हे कबूल केल्यासारखं होईल. एवढं माझं ऐक.

तुझा,
दौलतमामा

---

बनारस,
३ ऑगस्ट १९८३

ती. मामांस,

नमस्कार. माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही. मामीलाही लिहिलं, तिचंही नाही. गुणवंतीच्या भावाने सांगितलं की काही गिरण्या थोड्या थोड्या सुरू होताहेत. तुमची झाली का? तुम्हाला बोलावलं का? एवढं एका ओळीत लिहा.

माझा प्रबंध लिहून होत आला. अर्क घेतलेल्या उंदरांची रसायनं कमी बिघडली, हे आकड्यांत नीट आलं. सगळे खूष आहेत. मी ते वाचते आणि मला देवांच्या फळीवरची बाटली दिसते.

ती अजून तशीच असेल तर ओतून टाका. एवढा जुना अर्क, त्यात काही उरलं नसेल. हट्ट पुरे. नाहीतर मी दिवाळीत येऊन स्वतः नाक दाबून पाजेन, तुम्ही मला एरंडेल पाजायचात तसं.

तुमची,
पद्मजा

---

लालबाग,
१८ नोव्हेंबर १९८३

चि. पद्मजा,

आशीर्वाद. दिवाळीत तू आली नाहीस, माझं नाक वाचलं. मधे पत्र लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि नसलेलं लिहायची कला मला एकदाच साधली होती, ती तू आणि तुझ्या मामीने मिळून मोडलीत.

आमची गिरणी सुरू झाली. एकच पाळी आहे, पण भोंगा झाला. तो झाला तेव्हा मी गेटवरच होतो. आदल्या दिवसापासून सगळ्यांना कुणकुण होती. भोंगा वाजला तसा लहू माझ्या शेजारी रस्त्यातच खाली बसला. चाळीच्या गॅलऱ्यांमध्ये बायका येऊन उभ्या राहिल्या. तुझ्या मामीचं दूध उतू गेलं, आणि पहिल्यांदाच तिने त्याबद्दल मला दोष दिला नाही.

लहूला आत घेतलं. माझ्या वेळी गेटवरच्या बाबूने नाव विचारलं, खातं विचारलं, पुन्हा नाव विचारलं. मग म्हणाला, दौलतराव, चहा घेणार का? इतकी वर्षं त्या गेटवरून आत-बाहेर केलं, कोणी कधी चहा विचारला नव्हता. तिथेच कळलं. जुने साचे भंगारात काढले आहेत, नव्यांवर नवी पोरं घेणार आहेत. मी चहा घेतला. बशीत सांडला, पण त्याने दुसरीकडे बघितलं. भला माणूस आहे.

घरी आलो. दुपारी उशिरा बाटली फळीवरून खाली काढली, तुळशीजवळ ओतायला म्हणून. तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला. सकाळचा मी गेटवर ऐकला होता, तेव्हा बाटली घरी होती. म्हटलं, हा तरी कशाला चुकवा. पाळी सुटली, तशी माझीही सुटली. मामीकडून कोमट पाणी मागून घेतलं आणि तू सांगितल्याप्रमाणे एक चमचा घेतला. कडू आहे. तुमचे उंदीर सोशीक असले पाहिजेत.

मग झोप लागली, ती दिवेलागणीला मामीने हलवलं तेव्हा मोडली. औषधाने लागली की भोंग्याने, ते तुझ्या उंदरांना विचार. तू म्हणतेस त्या बाटलीत काही उरलेलं नाही. माझ्यातही फारसं नव्हतं, जमलं असेल दोघांचं.

आता मामीच्या खाणावळीत कांदे चिरतो. कामावर घेतलेली पोरं जेवायला येतात, धंदा वाढला आहे. हात अजून कापतो, त्यामुळे कांदा आपोआप बारीक होतो. पोरं तारीफ करतात. तू पास झालीस की पेढे घेऊन ये, आणि आता जेवतेस ना ते कळव.

तुझा,
दौलतमामा

(पत्राच्या दुमडीवर, वेगळ्या अक्षरात)

चि. पद्मजा, टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून वाचलं. वर लिहिलंय ते सगळं खरं, फक्त मधलं गाळलंय. चमचा घेतला तो तसाच हातात धरून हे रडायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी दार लोटून घेतलं आणि शेजारी बसून राहिले. मलाही रडू आलं, पण दोघांनी एकदम रडून कसं चालेल? खूप वेळाने शांत झाले आणि तिथेच चटईवर झोपले. औषध होतं की काय होतं ते तुझं तू ठरव.

आता रोज झोपतात. आणि असे घोरतात की पलीकडून लहू भिंतीवर थापा मारतो. माझी झोप उडाली आहे. छातीत धडधडतं, छताचे वासे बघत पडते. खरंच माझ्यासाठी, ह्यांच्यासाठी नव्हे, एक बाटली पाठव. आणि वेळ घड्याळाची लिही.

मामी